डॉक्टर स्टॉकमन आणि गांवची सभा

इब्सेनचें ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’ हें नाटक १८८२ सालचें. ‘बाहुलीच्या घरां’तून बाहेर पडणारी नोरा आपल्या सुशिक्षित कुटुंबांत जितकी परिचित आहे, तितका या नाटकांतील डॉक्टर स्टॉकमन नाहीं, पण ज्यांस तो परिचित आहे त्यांच्या मनावर त्याची पकड विलक्षण असते. कॉलेजांत हें नाटक शिकवूं लागल्यास आम्हांस पुष्कळ वर्षें झालीं, आणि आरंभीं आम्हीही तें एकट्या शहाण्याचें बहुमताविरुद्ध रचलेलें स्तोत्र म्हणूनच शिकवीत होतों. नगरपालिकेच्या निवडणुकीच्या दिवशीं घरीं स्वस्थ बसण्यास त्या काळीं आम्हांस इब्सेनचा उत्तम आधार वाटे. तो आधार खोटा होता, हें सांगण्यासाठींच हा लेख.

कथानक थोडक्यांत असें. नॉर्वेंतील किनाऱ्यावरच्या एका लहान शहरानें आरोग्यस्नानगृहें बांधलीं आहेत आणि शहराचा सारा उत्कर्ष त्यांवर अवलंबून आहे. तेथील वैद्यकीय अधिकारी डॉक्टर स्टॉकमन पाण्याचा नमुना विद्यापीठाकडून तपासून घेतो. आणि कातडीं कमावण्याच्या कारखान्यांची घाण त्या पाण्यांत उतरते, असें ठरतें. नळ पुन्हां घालावयाचे तर दोन वर्षें स्नानगृहें बंद आणि खर्च अफाट. नगराध्यक्ष पीटर स्टॉकमन हा डॉक्टरचा वडील भाऊ; तो प्रकरण दाबूं पाहतो. संपादक हॉव्हस्टाड आणि घरमालकांच्या संघाचा अध्यक्ष, मुद्रक अस्लाक्सन, हे प्रथम डॉक्टरच्या पाठीशीं उभे राहतात. पण दुरुस्तीसाठीं नगरपालिकेस कर्ज काढावें लागेल, असें कळतांच दोघेही पाठ फिरवितात.

चौथ्या अंकांतील जाहीर सभा हा नाटकाचा कळस. डॉक्टरनें आपला अहवाल वाचूं नये, असें नगराध्यक्ष सुचवितो. आणि आश्चर्य असें कीं, डॉक्टर तें मान्य करून निराळ्याच विषयाकडे वळतो. बहुमत मूर्खांचेंच असतें, जातिवंत कुत्रा आणि रस्त्यावरचें कुत्रें यांत जें अंतर तेंच माणसामाणसांत, असल्या तत्त्वज्ञानाची तो सभेवर सरबत्ती करतो. शेवटीं मतें घेतलीं जातात आणि एका दारुड्याचा अपवाद सोडून सारी सभा त्यास लोकशत्रु ठरविते. आमच्या मतें येथेंच वाचकाची दृष्टि फसते. डॉक्टरच्या वक्तृत्वानें आपण इतके दिपून जातों कीं, पाण्याचा प्रश्न मतास टाकलाच गेला नाहीं, हें ध्यानांत येत नाहीं. लोकांनीं मत दिलें तें एका माणसावर; पाण्यावर नव्हे. कर्ज किती, तें किती वर्षांत फिटेल, आजारी पडणाऱ्या पाहुण्यांची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न अध्यक्षानें निघूं दिले नाहींत हें खरें. पण डॉक्टरनेंही त्यांचा हट्ट धरला नाहीं.

या दृष्टीनें पहिल्या अंकांतील एक लहानसा संवाद फार मोलाचा आहे. नगरसभेच्या निवडणुकीची गोष्ट निघते तेव्हां कप्तान हॉर्स्टर आपण त्या भानगडींत पडत नाहीं, असें सांगतो. पत्रकार बिलिंग त्यास उपदेश करतो कीं, समाज हें जहाज आहे, त्याच्या सुकाणूला प्रत्येकानें हात लावला पाहिजे. जमिनीवर तें चालत असेल, जहाजावर चालावयाचें नाहीं, अशा अर्थाचें उत्तर कप्तान देतो. पुढें या बिलिंगनें चिटणिसाच्या सरकारी जागेसाठीं अर्ज केल्याचें उघड होतें. आणि मताची पर्वा नसलेला हॉर्स्टर मात्र डॉक्टरला सभेसाठीं आपलें घर देऊन नोकरी घालवून बसतो. उपरोध तीक्ष्ण आहे. पण हॉर्स्टरसारखीं माणसें दूर राहिलीं म्हणजे नगरसभा कोणाच्या हातीं उरते, हा प्रश्न नाटककार विचारीत नाहीं. तो वाचकानें विचारावयाचा.

शिवाय, ज्या बहुमतास डॉक्टर शिव्या देतो तें खरोखर बहुमत होतें काय? नॉर्वेंत स्थानिक स्वराज्याचा कायदा १८३७ सालीं झाला. पण नाटक लिहिलें गेलें त्या काळीं मताचा अधिकार मालमत्तेच्या व पदाच्या अटींनीं बांधलेला होता. स्त्रियांस नगरसभेसाठीं मत मिळालें तें १९०१ सालीं, तेंही ठराविक कर भरणाऱ्यांपुरतें. सर्व स्त्रियांस १९१० सालीं. म्हणजे शाळेंत शिकविणारी आणि अखेरपर्यंत बापाच्या बाजूनें उभी राहणारी डॉक्टरची कन्या पेट्रा हिला मतच नव्हतें. अस्लाक्सन ज्या भक्कम बहुमताची ग्वाही देतो तें मुख्यतः घरमालकांचें बहुमत आहे. या शहराचें दुखणें लोकांच्या हातीं सत्ता असल्याचें नसून ती थोड्यांच्याच हातीं असल्याचें आहे.

योगायोग असा कीं, त्याच १८८२ सालच्या मे महिन्यांत लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आपल्याकडे प्रसिद्ध झाला. पण आपणांस धडा हवा तर तो त्याच्याही आधींचा, पुण्यांतला आहे. जोतीराव फुले १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयांच्या स्वागतावर हजार रुपये खर्चण्याचा प्रश्न आला असतां, तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा म्हणून त्यांनीं एकट्यानें विरुद्ध मत दिलें. एकटे तेही पडले. पण त्यांचें मत एका ठरावावर, एका रकमेवर होतें, आणि तें नगरपालिकेंत बसून दिलेलें होतें.

नाटक म्हणून या कृतीचें श्रेष्ठत्व आम्ही नाकारीत नाहीं. डॉक्टरचा भाबडेपणा आणि अहंकार इब्सेननें झांकून ठेविलेला नाहीं, हीच त्याची थोरवी. झांकतों ते आपण, कारण त्या अहंकारांत आपणांस आपलें रूप दिसतें. आपल्याकडे १९९२ सालच्या घटनादुरुस्त्यांनीं ग्रामपंचायत व नगरपालिका यांस संविधानांत स्थान मिळालें, आणि महाराष्ट्रानें २०११ सालीं त्यांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखल्या. पेट्राला आतां मतही आहे आणि उमेदवारीही. तेव्हां घरीं बसण्यास सबब उरलेली नाहीं.

चौथा अंक शिकवितांना आम्ही अलीकडे विद्यार्थ्यांस एक काम देतों : डॉक्टरचें भाषण बाजूस ठेवा, आणि त्या सभेंत पाण्याविषयीं विचारावयाचे पांच प्रश्न लिहा. पुष्कळांस ते सुचत नाहींत. आणि खरें सांगावयाचें तर पहिल्या खेपेस आम्हांसही तीनच सुचले होते.