समुद्रातली सिलिका आणि बोवेनचा हिशेब

२४ सप्टेंबर १९५२ रोजी जपानच्या दक्षिणेकडील इझू-बोनिन द्वीपमालेत, म्योजिन्शो येथे समुद्राखालून उसळणाऱ्या ज्वालामुखीची पाहणी करायला गेलेले ‘काइयो मारू क्रमांक ५’ हे जहाज स्फोटात सापडले. जहाजावरच्या ३१ जणांपैकी कुणीही परतले नाही. पुढे तरंगताना मिळालेल्या अवशेषांत ज्वालामुखीच्या दगडाचे तुकडे रुतलेले होते. म्योजिन्शोचा दगड डेसाइट जातीचा, म्हणजे सिलिका भरपूर असलेला. ही सिलिका तिथे आली कुठून, याची जी उत्तरे दिली जातात त्यांचे पुरावे मला दिसते तितके पक्के वाटत नाहीत. इथे त्यांचीच तपासणी करायची आहे.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात साधारण निम्मी सिलिका. असा शिलारस पातळ असतो, वाहत जातो. सिलिका ७० टक्क्यांच्या घरात गेली की रस इतका चिकट होतो की आतली वाफ कोंडते आणि डोंगर फुटतो. खंडावर असा शिलारस सापडला तर मोठे कोडे नसते. खालून आलेल्या तप्त बेसाल्टने जुना ग्रॅनाइट वितळवला, असे म्हणता येते. महासागरी द्वीपमालेखाली तसा जुना ग्रॅनाइट नाही. एक भूपट्ट दुसऱ्याखाली खचतो, त्यातून सुटलेले पाणी वरच्या प्रावरणात शिरते, प्रावरण थोडेसे वितळते आणि त्यातून मुख्यतः बेसाल्टच निघतो.

नॉर्मन बोवेनचे १९२८ सालचे ‘द इव्होल्यूशन ऑफ द इग्नियस रॉक्स’ हे पुस्तक भूशास्त्र न शिकलेल्या माझ्यासारख्यालाही धरून ठेवते, कारण त्यात एकच कल्पना शेवटपर्यंत नेलेली आहे. थंड होणाऱ्या बेसाल्टमधून आधी ऑलिव्हीनसारखे सिलिकेने गरीब स्फटिक बाहेर पडतात. ते तळाशी बसले की उरलेला रस सिलिकेने श्रीमंत होत जातो. दूध आटवून खवा करावा तसे. पण पसाभर खव्याला दूध किती लागते? बेसाल्टपासून रायोलाइट मिळवायचा तर ढोबळमानाने ८० ते ९० टक्के रस स्फटिक होऊन बाजूला पडावा लागतो. शिवाय वाटेत अँडेसाइटचे मधले ठाणे लागायला हवे. पुष्कळ ठिकाणी सापडतात ती दोन टोकेच. ही फट रेजिनाल्ड डेलीच्या नावाने ओळखली जाते.

इझूमध्ये ही फट नकाशावरच दिसते. ओशिमा, मियाकेजिमा, हाचिजोजिमा ही बेटे प्रामुख्याने बेसाल्टची; त्यांच्या अधल्यामधल्या आणि दक्षिणेच्या पाण्याखाली कुरोसे, म्योजिन, सुमिसु असे सिलिकायुक्त महाकुंड. २००२ साली योशिहिको तामुरा आणि योशियुकी तात्सुमी यांनी यावरून बोवेनला बाजूला सारले. त्यांच्या मते द्वीपमालेच्या भूकवचात आधीच गोठून बसलेला अँडेसाइटी थर नव्या बेसाल्टच्या उष्णतेने अंशतः पुन्हा वितळतो आणि तोच रायोलाइट.

मला हे मत बोवेनच्या मताहून अधिक पटते, पण ज्या दोन कारणांसाठी ते सहसा पटवून दिले जाते त्यांसाठी नव्हे. पहिले कारण हिशेबाचे. बोवेनच्या वाटेने स्फटिकांचा ढीग उरतो म्हणावे, तर पुन्हा वितळण्याच्या वाटेनेही थोडाच भाग वितळतो आणि मोठा गाळ मागे राहतो. ढीग दोन्ही खात्यांत आहे. दुसरे कारण फटीचे. स्फटिकांचा दाट लगदा झाल्यावरच त्यातून रस पिळून निघत असेल, तर मधली पायरी बाहेर न येताही बोवेनची वाट चालू शकते. फट हा तामुरांच्या बाजूचा साक्षीदार खरा, पण उलटतपासणीत टिकणारा नाही.

याहून मोठी अडचण अशी, की द्वीपमाला ही ‘स्वच्छ’ जागा म्हणून निवडली जाते आणि तीच स्वच्छता पुरावा पुसून टाकते. खंडावर जुना ग्रॅनाइट वितळला तर त्याच्या स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचा ठसा उरतो. इथे वितळणारे कवच ज्या बेसाल्टचे, त्याच घराण्याचे नवे बेसाल्ट त्याला वितळवतात. आई आणि मुलगी यांचे ठसे सारखेच. मग निवाडा कशावर करायचा?

म्हणून मधल्या थराला इतके महत्त्व आले. १९९६ साली कियोशी सुयेहिरो आणि सहकाऱ्यांनी इझूखाली भूकंपलहरींचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर असलेला थर दाखवला. ग्रॅनाइटचा भाऊ टोनालाइट तिथे असावा, असा अर्थ लावला गेला. खंडांचे कवच सरासरीने अँडेसाइटी असल्याने पणाला लागले होते बरेच काही: खंडांची घडण महासागरातच सुरू होते का? हातात धरायला नमुनाही होता. इझूची माला होन्शू बेटावर आदळली तिथल्या तान्झावा डोंगरांत टोनालाइट उघडा पडला आहे. मधला थरच वर आला, असे मानले गेले. २०१० साली केनिचिरो तानी आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या झिरकॉनचे वय काढले. ते बहुतांशी ४० ते ५० लाख वर्षे भरले. म्हणजे हा दगड टकरीच्या काळात तयार झालेला, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या मधल्या थराचा नव्हे. एवढ्या एका मोजणीने नमुना हातातून गेला.

त्याआधी २००७ साली शुइची कोदाइरा यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली होती: मधला थर बेसाल्टी ज्वालामुखींखाली जाड, सिलिकायुक्त ज्वालामुखींखाली पातळ. वितळून संपला म्हणून पातळ, की मुळातच कमी होता? दोन्ही अर्थ लागतात. मला पहिल्याची शंका येते, कारण थर इतका मोठा वितळून गेला असेल तर मागे राहणारा जड गाळ कुठे आहे, हे नकाशात शोधावे लागेल. आणि तो प्रावरणात बुडाला म्हणणे फार सोयीचे उत्तर आहे.

इझूच्या मधल्या थरापर्यंत समुद्रतळाखाली सुमारे साडेपाच किलोमीटर छिद्र पाडण्याची योजना आखलेली आहे. तो दगड वर आला, तर त्यातल्या झिरकॉनचे वय आधी पाहावे, सिलिकेची टक्केवारी नंतर.