रूबेन ड्यूईचे मरण

टॉमस हार्डीच्या 'अंडर द ग्रीनवुड ट्री' (१८७२) या कादंबरीतील रूबेन ड्यूई हा भाड्याने माल वाहणारा गाडीवान, कुटुंबवत्सल गृहस्थ आणि मेलस्टॉकच्या चर्चमधील वादकमंडळीचा आधार. तो म्हणजे हार्डीचे वडीलच, हे समीकरण टिकणारे नाही. वडील गवंडीकाम करीत. स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये ते व्हायोलिन वाजवीत, एवढे साम्य मात्र खरे.

चर्चमध्ये ऑर्गन येणार असे कळताच रूबेन मंडळींना घेऊन पाद्र्याकडे जातो. निर्णय फिरवावा असे त्याचे म्हणणे नाही. अंत व्हावयाचाच असेल, तर तो नाताळासारख्या सणास, मानाने व्हावा; कुठल्याशा बिननावाच्या रविवारी नव्हे. अखेर २९ सप्टेंबरच्या मायकेलमसवर तडजोड होते. प्रसंग विनोदी खरा. पण येथे माणसे आपल्या अंताची तिथी ठरवीत आहेत. हा विषय आपण फार हलकेपणाने हाताळला, अशी कबुली १९१२ च्या प्रस्तावनेत हार्डीनेच दिली.

रूबेनचे मरण कादंबरीत नाही. ते 'वेसेक्स पोएम्स' (१८९८) मधील 'फ्रेंड्स बियाँड' या कवितेत येते, तेही केवळ नामोल्लेखाने. (हार्डीचे वडील १८९२ साली निवर्तले होते.) तेथे खेडुतांच्या तोंडी मरणोत्तरही डॉर्सेटची बोलीच आहे. रूबेनचा बाप विल्यम 'मे'च्या जागी 'मिड' म्हणतो आणि जिवापाड जपलेले बास-व्हायोल खुशाल जाळा असे सांगतो. शेतकरी बोलतो, त्याची बायको बोलते. कादंबरीत सर्वांच्या वतीने बोलणाऱ्या रूबेनला मात्र स्वतंत्र ओळ नाही. मृतांच्या सामुदायिक 'आम्ही'त तो विरून जातो.