बेंद्रे, नारायण श्रीधर

(२१ ऑगस्ट १९१०–फेब्रुवारी १९९२). विख्यात भारतीय चित्रकार. जन्म इंदूर येथे. तेथील कलाशाळेत द. दा. देवळालीकर यांच्याकडे शिक्षण. उघड्यावर बसून, पालटत्या प्रकाशात जलद रंगलेखन करण्याची तेथील शिस्त त्यांच्या वास्तवदर्शी निसर्गचित्रांचा पाया ठरली. काश्मीरमधील वास्तव्य, भारतभरची भ्रमंती व १९४७-४८ मधील अमेरिकेचा प्रवास यांनी त्यांची रंगदृष्टी संपन्न केली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन (१९५०–६६) करीत असताना त्यांनी घनवादी व अप्रतिरूप शैलींतही प्रयोग केले. या शैलीपालटांमुळे त्यांच्या कलेत एकसूत्रता नाही, असा आक्षेप घेता येईल. तथापि प्रत्यक्ष निरीक्षण हे सूत्र त्यांनी क्वचितच सोडले. उत्तरकाळात बिंदुवादी पद्धतीने रंगविलेल्या ग्रामीण स्त्रियांच्या चित्रांत अवयवांचा तपशील गळतो. पण चालण्याची, बसण्याची ढब अचूक राहते. मात्र रंगांच्या मोहक मेळात ग्रामजीवनातील कष्ट झाकले जातात, ही त्यांची मर्यादा होय. पद्मश्री (१९६९) व पद्मभूषण (१९९२) या किताबांचे ते मानकरी होते. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.