शेरा, गुण आणि गुणपुस्तिका : अंतर्गत मूल्यमापनातील मूडल प्रणालीची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाच्या कामांपैकी उत्तरपत्रिका तपासणे हे सर्वाधिक वेळ घेणारे आणि सर्वांत कमी चर्चिले गेलेले काम होय. अध्यापनपद्धतींवर चर्चासत्रे भरतात, अभ्यासक्रमावर मंडळांच्या बैठका होतात. परंतु समोरच्या गठ्ठ्यातील एखाद्या उत्तराखाली आपण काय लिहितो, आणि ते लिहिलेले पुढे कोणी वाचते का, हा प्रश्न क्वचितच उपस्थित केला जातो. सत्र पद्धती व श्रेयांक पद्धती आल्यापासून अंतर्गत मूल्यमापनाचे प्रमाण वाढले. त्या पाठोपाठ संगणकीय अध्ययन व्यवस्थापन प्रणालीही आल्या. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत तर त्यांचा वापर ऐच्छिक राहिला नाही. आता वर्ग पूर्ववत भरत असले तरी स्वाध्याय मागविणे, गुण देणे आणि अभिप्राय कळविणे ही कामे अनेक महाविद्यालयांत या प्रणालींवरच राहिली आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी मूडल या प्रणालीतील गुणदान व अभिप्राय या दोन अंगांचीच चिकित्सा करावयाची आहे. प्रस्तुत लेखकाने ती अध्यापक म्हणून वापरली आहे, संगणकतज्ज्ञ म्हणून नव्हे. पुढील विवेचनाला ही मर्यादा आहेच, परंतु वाचकांपैकी बहुतेकांची भूमिकाही हीच असल्यामुळे ती फारशी आड येऊ नये.

मूडल ही प्रणाली मार्टिन दुगियामस यांनी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विकसित केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये उपलब्ध झाली. तत्पूर्वी ते कर्टिन विद्यापीठात वेबसीटी या व्यापारी प्रणालीचे व्यवस्थापन पाहात असत. मूडल मुक्त परवान्याखाली असल्याने तिच्यासाठी परवाना शुल्क पडत नाही, आणि आपल्याकडील अनुदानित महाविद्यालयांत ती रुजण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. दुगियामस यांनी आपल्या प्रणालीमागे सामाजिक रचनावादाची भूमिका असल्याचे आवर्जून सांगितले आहे. ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे ओतले जात नाही, ते परस्परसंवादातून घडते, असा त्या भूमिकेचा आशय होय. आपल्याकडे मात्र मूडलचा वापर प्रामुख्याने गृहपाठ गोळा करणे, गुणांची बेरीज करणे आणि नॅक समितीसमोर ठेवावयाचे पुरावे जमविणे यांसाठी होतो. हा दोष प्रणालीचा म्हणता येणार नाही. तथापि काही दोष प्रणालीच्या रचनेतच आहेत, आणि ते गणिताच्या आड असल्यामुळे सहसा लक्षात येत नाहीत.

गुणपुस्तिकेचे गणित

कागदी गुणतक्त्यात रिकामा रकाना, शून्य आणि ‘गैरहजर’ या तीन वेगळ्या नोंदी असतात. परीक्षा विभागातील कोणताही लिपिक त्यांची गल्लत करीत नाही. मूडलच्या गुणपुस्तिकेत मुळात दोनच अवस्था आहेत : गुण भरलेला आहे किंवा भरलेला नाही. शिवाय रिकाम्या जागा एकत्रीकरणातून वगळाव्यात, अशी निवड तेथे आधीच केलेली असते. याचा परिणाम काय होतो ते पाहावे. एका विषयाचे प्रत्येकी २० गुणांचे पाच स्वाध्याय आहेत. एका विद्यार्थ्याने पहिलाच स्वाध्याय दिला, त्यात १६ गुण मिळविले आणि पुढील चार दिलेच नाहीत. अध्यापकाने त्या चार जागी शून्य न भरता जागा तशाच सोडल्या, तर त्या विद्यार्थ्याची एकूण टक्केवारी ८० दिसते. पाचही स्वाध्याय देऊन ७० टक्क्यांवर राहिलेली विद्यार्थिनी त्याच्या खाली जाते. रिकाम्या जागा मोजावयाच्या असे ठरविले, तर त्याच विद्यार्थ्याला १०० पैकी १६ गुण मिळतात.

या निवडीमागे तर्क नाही असे नाही. सत्राच्या मध्यावर, पुढचे स्वाध्याय अजून व्हावयाचे असताना, ते शून्य धरून विद्यार्थ्याला नापास दाखविणे अन्यायाचेच ठरेल. परंतु सत्र संपताना ही निवड बदलली पाहिजे, हे प्रणाली आपणहून सांगत नाही. अध्यापकाला ते ठाऊक असावे लागते. आणि बहुतेकांना प्रशिक्षण कार्यशाळेत शिकविले जाते ते स्वाध्याय कसा टाकावा हे.

निकषतक्ता, म्हणजे रुब्रिक, या साधनातील गणित याहून सूक्ष्म आहे. निबंधाचे चार निकष ठरविले – विषयाचे आकलन, आधारसामग्री, युक्तिवाद, भाषा – आणि प्रत्येक निकषाला १ ते ४ अशा पातळ्या दिल्या, असे समजू. सर्व निकषांत २ ही पातळी मिळालेल्या विद्यार्थ्याची बेरीज १६ पैकी ८ होते. २० गुणांच्या स्वाध्यायात त्याला १० गुण मिळतील, असे कोणीही गृहीत धरील. परंतु किमान शक्य बेरीज, म्हणजे ४, हीच शून्याच्या जागी बसविण्याची पद्धत मूडलमध्ये आहे. मग हिशेब ८ वजा ४ भागिले १६ वजा ४, म्हणजे एक तृतीयांश, असा होतो आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला ६.६७ गुण येतात. किमान बेरीज शून्याशी न जोडण्याचा पर्याय निकषतक्त्याच्या मांडणीत उपलब्ध आहे. पातळ्या ० पासून सुरू केल्या तर प्रश्नच उद्भवत नाही. पण हे माहीत नसलेला अध्यापक दहा गुणांचा निर्णय देतो आणि विद्यार्थ्याच्या हाती पावणेसात गुणसुद्धा पडत नाहीत. निर्णय कोणाचा, असा प्रश्न येथे निर्माण होतो. प्रस्तुत लेखकाने एका सत्रात हीच चूक केली आणि ती एका विद्यार्थिनीने बोटांवर बेरीज करून दाखविली, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

शेरा आणि अभिप्राय

मराठीत या संदर्भात तीन शब्द वापरले जातात. शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रत्याभरण’ हा शब्द आहे, पण तो परीक्षेबाहेर कोणी उच्चारीत नाही. ‘अभिप्राय’ दिला जातो. ‘शेरा’ मात्र मारला जातो, वहीवरही आणि सरकारी कागदावरही. शेरा हा वरच्याने खालच्यासाठी लिहिलेला, उत्तराची अपेक्षा नसलेला मजकूर होय. संगणकीय प्रणालींमुळे शेऱ्याचे अभिप्रायात रूपांतर होईल, अशी अपेक्षा होती. ती कितपत पूर्ण झाली, हे तपासणे अगत्याचे आहे.

रॉइस सॅडलर यांनी १९८९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात उपयुक्त अभिप्रायाच्या तीन अटी मांडल्या आहेत. अपेक्षित दर्जा कोणता हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे. आपले काम त्या दर्जाशी ताडून पाहता आले पाहिजे. आणि दोहोंतील अंतर कमी करण्यासाठी काहीतरी करता आले पाहिजे. पहिल्या अटीपुरते पाहता मूडलने निश्चित प्रगती केली आहे. निकषतक्ता स्वाध्याय लिहिण्यापूर्वीच विद्यार्थ्यासमोर ठेवता येतो. फळ्यावर सांगून ही गोष्ट साधत नव्हती. तिसऱ्या अटीसाठीही सोय आहे. एकदा तपासलेला स्वाध्याय पुन्हा सादर करण्यासाठी खुला करता येतो आणि आधीच्या प्रयत्नावरील अभिप्राय जतन राहतो. या एका सोयीसाठीसुद्धा ही प्रणाली ठेवावी, असे माझे मत आहे. दुर्दैवाने तीच सर्वांत कमी वापरली जाते, कारण पुन्हा सादर झालेला स्वाध्याय पुन्हा वाचावा लागतो.

दुसरी अट मात्र गुणांमुळेच अडते. रूथ बटलर यांचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या बाबतीत वारंवार उद्धृत केले जाते. इस्रायलमधील शालेय विद्यार्थ्यांचे त्यांनी तीन गट केले. एकाला केवळ लेखी अभिप्राय, दुसऱ्याला केवळ गुण आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. पुढील कामात सुधारणा व रुची दिसली ती केवळ अभिप्राय मिळालेल्या गटात. दोन्ही मिळालेला गट गुण मिळालेल्या गटासारखाच वागला. म्हणजे गुण शेजारी असताना अभिप्रायाचा उपयोग झाला नाही. हे विद्यार्थी लहान होते, पदवीचे नव्हते, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे उचित नव्हे. तरीसुद्धा आपल्या वर्गात वही परत मिळताच विद्यार्थ्याची नजर प्रथम कोठे जाते, हे प्रत्येक अध्यापकाने पाहिलेले आहे. मूडलमध्ये निकाल खुला केला की गुण आणि अभिप्राय एकाच वेळी प्रकट होतात. पडद्यावर गुणांचा आकडा वर, अभिप्राय खाली आणि समासात खुणा केलेली प्रत आणखी एका दुव्यामागे असते. मोबाइलच्या पडद्यावर हे उतरंडीचे अंतर अधिकच वाढते.

यातच साठवलेल्या शेऱ्यांची सोय भर घालते. मूडलच्या गुणदर्शिकेत वारंवार लागणारी वाक्ये साठवून ठेवता येतात. गूगल क्लासरूममध्येही अशी अभिप्राय-पेढी आहे. गठ्ठा मोठा असताना तिचा मोह आवरत नाही. प्रस्तुत लेखकानेही ‘मांडणी अधिक मुद्देसूद हवी’ हे वाक्य एकाच रात्रीत कित्येकांना पाठविले. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी विभागात आला आणि म्हणाला, “सर, मुद्देसूद म्हणजे नेमके काय करायचे?” उत्तर देण्यासाठी मला त्याचा निबंध पुन्हा उघडावा लागला. त्याचे मुद्दे जागच्या जागी होते. दोन मुद्द्यांमधला ‘म्हणून’ तेवढा नव्हता. ही गोष्ट सांगण्यास दोन वाक्ये पुरली असती; साठवलेल्या वाक्यांत ती नव्हती.

मराठी माध्यमाच्या वर्गात आणखी एक अडचण येते. तिचा उल्लेख इंग्रजी लेखनात अर्थातच सापडत नाही. अनेक विद्यार्थ्यांचे टंकलेखन अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत होते. कोपऱ्यावरच्या डीटीपी केंद्रात श्रीलिपी किंवा कृतिदेव या टंकांत तयार झालेला मजकूर मूडलच्या लेखनचौकटीत चिकटवला, की रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते. म्हणून बहुतेकजण हस्तलिखिताची छायाचित्रे पाठवितात. छायाचित्रात शब्द शोधता येत नाही, त्यातून वाङ्मयचौर्य तपासता येत नाही, आणि सावली पडलेल्या पानावर समासात खूण करणे म्हणजे डोळ्यांची परीक्षा असते. तंत्रज्ञानाने वाचविलेला वेळ येथे परत द्यावा लागतो.

झेरॉक्स प्रतीचा धडा

मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांसाठी पडद्यावरील तपासणीची पद्धत घाईने लागू केली. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून तपासावयाच्या होत्या. ३१ जुलैची मुदत टळली, निकाल रखडले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडचणीत आले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. ती प्रणाली वेगळी होती आणि परीक्षाही अंतिम स्वरूपाची होती. अंतर्गत मूल्यमापनाशी तिची सरळ तुलना करता येत नाही. तथापि त्या काळातील सारी चर्चा वेळापत्रकाभोवती फिरली, ही बाब लक्षणीय आहे. तपासलेल्या उत्तरातून विद्यार्थ्याला काय कळते, हे विचारण्यास कोणाला सवडच नव्हती.

वास्तविक हा प्रश्न त्यापूर्वीच न्यायालयात पोहोचला होता. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी माहितीच्या अधिकाराखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. तेव्हापासून छायाप्रती मिळू लागल्या. पण शुल्क भरून मिळविलेल्या त्या झेरॉक्स प्रतीत सहसा काय आढळते? बरोबरच्या खुणा, समासातील आकडे आणि मुखपृष्ठावरील बेरीज. आपले उत्तर कोठे कमी पडले, हे सांगणारा एकही शब्द तीत नसतो. विद्यार्थ्याला पाहण्याचा हक्क मिळाला. समजून घेण्याची सोय मात्र झाली नाही. अंतर्गत मूल्यमापन हीच त्या सोयीची एकमेव जागा उरली आहे, आणि म्हणून तेथील प्रणाली काय करते याला महत्त्व आहे.

कार्यभाराचा प्रश्न

गेल्या दोन सत्रांत आमच्या विभागाने एक बदल करून पाहिला. एकाच निबंधासाठी मूडलवर दोन स्वाध्याय ठेवले. पहिला कच्च्या खर्ड्यासाठी. त्याच्या गुणप्रकारात ‘काही नाही’ ही निवड केली, त्यामुळे विद्यार्थ्याला केवळ लेखी अभिप्राय मिळतो. दुसरा अंतिम लेखनासाठी, गुणांसह. अंतिम निबंधाच्या आरंभी, अभिप्राय वाचून आपण काय बदलले ते तीन-चार ओळींत लिहिणे बंधनकारक केले. साठवलेली वाक्ये खर्ड्यावर वापरावयाची नाहीत, असे आम्ही आपसांत ठरविले. काही विद्यार्थ्यांनी त्या ओळींत आमच्या अभिप्रायाशी असहमती नोंदविली, आणि त्यांतील काहींची असहमती योग्य होती. शेऱ्याला उत्तर येण्याचा हा आमचा पहिलाच अनुभव होय.

अडचण वेळेची आहे. एका वर्गात १२० विद्यार्थी आणि एका खर्ड्याला दहा मिनिटे धरली, तरी २० तास होतात, आणि हे अंतिम वाचनाखेरीज. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा कार्यभार आठवड्याला १६ तासांचा आहे. खर्डे वाचण्याचे तास त्यात धरले जात नाहीत. प्रणालीतील नोंदींवरून अध्यापकाने कोणत्या स्वाध्यायाचे गुणदान केव्हा केले हे दाखविता येते, आणि कार्यभाराची मागणी करताना प्रथमच हाती पुरावा आहे. प्रत्येक विषयासाठी सत्रात एका खर्ड्याचे वाचन कार्यभारात धरावे, असा प्रस्ताव विभागाने महाविद्यालयाच्या विद्यापरिषदेकडे पाठविला आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही. कागद ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन विभागात परत आला आहे.