नदीचा नकाशा आणि संशोधकांचा नकाशा

नद्यांचा अभ्यास शास्त्रज्ञ करतात, हे आपण मुलांना सांगतो. पण या शास्त्रज्ञांचाही अभ्यास होतो आणि त्याचे नकाशे काढले जातात, हे वर्गात सहसा सांगितले जात नाही. या नकाशात प्रत्येक संशोधक म्हणजे एक ठिपका. दोघांनी मिळून एखादा निबंध लिहिला असेल तर त्या दोन ठिपक्यांना जोडणारी रेषा. हजारो निबंधांची माहिती संगणकात भरली की कोळ्याच्या जाळ्यासारखे एक चित्र उमटते. कुठे दाट पुंजके, कुठे एकाकी ठिपके. परिसंवादात असे चित्र पडद्यावर आले की सभागृहात कुजबुज होते, इतके ते देखणे असते.

या विद्येला मोठा इतिहास आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९४८ मध्येच ग्रंथव्यवहाराला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली होती. युजीन गारफिल्ड यांची संदर्भसूची १९६४ साली बाहेर पडली. कोणता निबंध कोणत्या निबंधाचा आधार घेतो, हे तीत पाहता येऊ लागले. पुढच्याच वर्षी डेरेक प्राइस यांनी शास्त्रीय निबंधांच्या जाळ्यावर लिहिले. १९७३ मध्ये हेन्री स्मॉल यांनी आणखी एक युक्ती सुचवली : दोन निबंधांचा उल्लेख तिसऱ्या निबंधात एकत्र येत असेल, तर त्या दोघांत नाते मानायचे. आता हे सारे घरच्या संगणकावर करता येते.

विद्या चांगली आहे. आमची तक्रार आहे ती तिच्या वाचनाविषयी. या नकाशांवरून ‘अमुक विषयात काम झालेले नाही’, ‘अमुक भाग संशोधनात मागे आहे’, असे निष्कर्ष काढले जातात, आणि निष्कर्षांमागून निधी व समित्यांतील जागा जातात. म्हणून एका खऱ्या नदीवर हा नकाशा तपासून पाहू. हजारो निबंध घेण्याची गरज नाही, चार पुरेत.

नदी घेऊ मुळा-मुठा, आणि ठिकाण लोणी काळभोर. पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यावर, नदीच्या उजव्या काठाचे हे गाव. येथून पाणी थेऊरवरून पुढे जाऊन भीमेला मिळते. भीमा उजनीच्या जलाशयात शिरते, पंढरपूरवरून कर्नाटकात उतरते आणि रायचूरजवळ कृष्णेत मिसळते. मग नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आणि अखेर बंगालच्या उपसागराला टेकलेला त्रिभुज प्रदेश. म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात नाईल आणि गंगेच्या चित्राने शिकवला जाणारा त्रिभुज प्रदेश लोणीच्या मुलाच्याही नदीचा आहे. सह्याद्रीच्या पश्चिमेच्या नद्या खाडीत संपतात. आपली पूर्ववाहिनी नदी मात्र समुद्राकाठी जमीन घडवते. निदान घडवत असे.

हे ‘असे’ का म्हणावे लागते, ते पहिला निबंध सांगतो. काकणी नागेश्वर राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली कृष्णा व गोदावरी यांच्या जोड त्रिभुज प्रदेशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६५ ते २००८ या ४३ वर्षांत ३३६ किलोमीटर किनाऱ्यावर भर वजा जाता ७६ चौरस किलोमीटर जमीन समुद्राने खाल्ली. वेग त्यांनी टप्प्याटप्प्याने दिला आहे : १९९० पर्यंत वर्षाला १.३९, नंतरच्या दहा वर्षांत २.३२ आणि शेवटच्या आठ वर्षांत २.२५ चौरस किलोमीटर. पंचवीस, दहा आणि आठ यांनी गुणून बेरीज करा, ७६ च येते. हे गणित आठवीच्या वर्गातही करून घेता येईल.

कारण म्हणून ते धरणांमागे अडकलेल्या गाळाकडे बोट दाखवतात. १९५१–५९ मध्ये कृष्णेतून त्रिभुज प्रदेशात वर्षाला ६१.८८ घन किलोमीटर पाणी येई. २०००–०८ मध्ये ते ११.८२ वर आले. पाण्यात तरंगत येणारा गाळ १९६६–६९ मधील सुमारे ९० लाख टनांवरून २०००–०५ मध्ये ४ लाख टनांवर घसरला. आम्हांला या निबंधात सर्वांत आवडली ती शेजारच्या गोदावरीशी केलेली तुलना. गोदावरीचे पाणी फारसे घटलेले नाही, पण तिचा गाळ मात्र सत्तरच्या दशकातील १५ कोटी टनांवरून पावणेसहा कोटींवर आला, आणि किनारा तिथेही खचतो आहे. म्हणजे पाणी आले तरी भागत नाही, गाळ यावा लागतो. प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या शेजारी ठेवून जे साधतो, ते इथे निसर्गातल्या दोन नद्यांनी साधले आहे.

या निबंधावर दोन आक्षेप घेता येतात. ‘आधीचा’ म्हणून जो गाळ धरला तो १९६६–६९ चा. पण नागार्जुनसागरातून कालव्यांत पाणी सुटले ते १९६७ साली. म्हणजे हा ‘आधी’ पुरता आधीचा नाही. मूळ गाळ याहूनही जास्त असणार, आणि घट सांगितली त्याहून मोठी. दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. ‘नंतरच्या’ काळात २००१ पासूनची दुष्काळी वर्षे येतात, त्यामुळे ४ लाख टन हा आकडा काहीसा कमीच दिसणार. दोन्ही धरूनही निष्कर्ष ढळत नाही. पण त्रिभुज प्रदेशातून वर पाहताना सारे खोरे ‘धरणे’ या एका शब्दात मावते, ही त्याची मर्यादा. धरणांच्याही वर काय चालले आहे, ते तिथून दिसत नाही.

दुसरा निबंध म्हणजे कोलंबोच्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेचा २००७ चा अहवाल. लेखक बिग्ज आणि सात सहकारी. कृष्णेचे खोरे ‘मिटत’ चालले आहे, म्हणजे सिंचन वाढता वाढता समुद्रापर्यंत जायला पाणीच उरत नाही, हा त्याचा विषय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या तुलनेत समुद्राला जाणारे पाणी शतकाअखेर पाव हिश्श्याच्या आसपास आले, असे तो सांगतो. हा अहवाल सारे खोरे एकत्र पाहतो, हे त्याचे मोल. पण खोरे एवढे मोठे, की लोणीची विहीर त्यात दिसण्याचा प्रश्नच नाही.

उरलेले दोन निबंध विहिरींकडे नेतात. एन. जे. पवार आणि शेख यांचा १९९५ चा निबंध दख्खनच्या बेसॉल्टमधील उथळ भूजलात नायट्रेटमुळे होणाऱ्या प्रदूषणावर आहे. हिमांशू कुलकर्णी, देवळाणकर, लालवाणी, जोसेफ आणि एस. पवार यांचा २००० चा निबंध याच खडकातील भूजलाची घडण मांडतो. ही घडण शिक्षकांनी नीट समजून घ्यावी, कारण पाठ्यपुस्तकातील भूजलाची आकृती बहुधा वाळूची असते : वर कोरडी वाळू, खाली ओली, मध्ये एक गुळगुळीत रेघ. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग लाव्हाच्या थरांचा आहे आणि तिथे ही आकृती लागू पडत नाही. पाणी राहते ते मुरमात, पोकळ्यांच्या खडकात आणि कातळाच्या भेगांत. शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एक भरलेली आणि दुसरी कोरडी असू शकते. हा दैवाचा खेळ नसून थरांचा आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. लोणीच्या विहिरीतले पाणी जमिनीखालून वाहत वाहत आंध्रच्या किनाऱ्याला जात नाही. बेसॉल्टमधील उथळ भूजल आपल्या ओढ्यापुरते, पाणलोटापुरते असते. त्रिभुज प्रदेशातले भूजल वाळू-चिकणमातीच्या थरांत साठलेले, समुद्राचे खारे पाणी आत शिरण्याचा धोका असलेले. त्याची जातच वेगळी. दोघांना जोडते ती नदी. पाऊस थांबल्यावर कार्तिक-मार्गशीर्षात ओढे वाहतात ते जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्यावर. विहिरी आणि कूपनलिकांनी ते आधीच उपसले, तर ओढा लवकर आटतो आणि नदीला तेवढे कमी मिळते. त्रिभुज प्रदेश आणि भूजल यांचे नाते या पाझरातून जाते. पाठ्यपुस्तकात नदी एका धड्यात, भूजल दुसऱ्या धड्यात आणि त्रिभुज प्रदेश तिसऱ्यात असल्याने पाझर कुठेच येत नाही.

लोणी काळभोरला हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे होते. खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा शिवारातून जातो. जुना कालवा, ज्याला लोक बेबी कालवा म्हणतात, त्यात मुंढव्याजवळ नदीतून उचललेले शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जाते. प्रक्रिया किती झालेली असते, हा वेगळा वाद आहे. आणि गावाच्या उत्तरेला स्वतः नदी, पुण्याचे उरलेसुरले घेऊन. त्यामुळे कालवा आणि नदी यांच्यामधल्या विहिरीत पावसाचे पाणी किती, धरणाचे किती आणि शहराचे किती, हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. लोक त्या पाण्यावर भाजी पिकवतात, काही ठिकाणी पितातही.

आता चार निबंधांचा नकाशा काढू. चारही लेखकयाद्या शेजारी मांडल्या, तर त्यांत एकही व्यक्ती समान नाही. चार बेटे, रेषा शून्य. पण संगणकाला केवळ आडनावे दिली तर दोन रेषा उमटतात! १९९५ चे पवार आणि २००० चे पवार जोडले जातात, जरी ते वेगळे आहेत. २००७ च्या अहवालात एक राव आहेत, तेही २०१० च्या नागेश्वर रावांना चिकटतात. शिवाय ‘राव’ हे त्यांचे आडनावच नव्हे. आंध्रात घराण्याचे नाव आधी लिहितात. काकणी हे घराणे. परदेशी सूचीच्या शिस्तीत नावाचे शेपूट आडनाव बनते. कुलकर्णी, जोशी, पवार, पाटील यांच्या राज्यात हा घोटाळा किती होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच आपल्या शाळेचे हजेरीपत्रक उघडून करावा. आद्याक्षरे पाहून असे घोटाळे सुधारता येतात, जाणकार ते सुधारतातही. पण मग आपल्या नकाशात उरतो तो शून्य, आणि तोही खरा नाही. १९९५ आणि २००० चे दोन्ही निबंध पुण्यातल्या मंडळींचे आहेत. एका शहरात, एकाच खडकावर काम करणारे लोक एकमेकांचे लिखाण वाचतात, विद्यार्थ्यांकडून ऐकतात, चहाच्या टपरीवर भांडतात. सहलेखनाच्या नकाशाला यातले काही दिसत नाही.

यावर नकाशाचे कैवारी म्हणतील की सहलेखन सोडा, संदर्भ पाहा. स्मॉल यांची युक्ती त्याचसाठी आहे. ते खरे आहे, आणि तो नकाशा बराच बरा असतो. पण तोही छापील, बहुतांशी इंग्रजी नियतकालिकांवर उभा राहतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते आहे. तिची माणसे ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतात. केंद्रीय जल आयोगाची माणसे नद्यांच्या ठाण्यांवर प्रवाह मोजतात. पुराच्या दिवसांत दौंडच्या विसर्गाचा आकडा आपण बातम्यांत ऐकतो तो अशाच मोजणीतून आलेला असतो. पाटबंधारे खात्याच्या नोंदवह्यांत कालव्याच्या आवर्तनांच्या तारखा असतात. या सर्वांना नकाशात ठिपका नाही, कारण त्यांनी निबंध लिहिलेला नाही. ज्यांच्या आकड्यांवर निबंध उभे राहतात ते अदृश्य, आणि मग कोणीतरी नकाशा पाहून म्हणतो की मधल्या नदीवर कामच झालेले नाही.

मोजणाऱ्यांची भाषाही एक नाही. त्रिभुज प्रदेशाचे अभ्यासक घन किलोमीटर लिहितात, पाटबंधारेवाले टीएमसी म्हणतात, भूजलवाले हेक्टर-मीटर. एक घन किलोमीटर म्हणजे सुमारे ३५.३ टीएमसी, आणि बरोबर एक लाख हेक्टर-मीटर. वरचे ६१.८८ घन किलोमीटर म्हणजे सुमारे २,१८५ टीएमसी, आणि ११.८२ म्हणजे ४१७. आपल्या वर्तमानपत्रांतील पाणीवाटपाच्या बातम्यांशी हे आकडे ताडून पाहता येतात, पण रूपांतर केल्यावरच. एवढ्याशा गुणाकारानेही एक रेषा जोडली जाते, जी कोणत्याही लेखकयादीत सापडणार नाही.

म्हणून आम्ही सुचवतो तो नकाशा वेगळा आहे. ठिपका माणसाचा न ठेवता मोजणीच्या जागेचा ठेवावा : विहीर, ओढ्यावरचा पूल, कालव्याचा दरवाजा, नदीवरचे ठाणे. जिथे पाणी एका जागेहून दुसरीकडे जाते तिथे रेषा. त्या ठिपक्यापाशी कोण मोजते, कधीपासून आणि कोणत्या मापात, हे शेजारी लिहावे. हा नकाशा लोणी काळभोरच्या शाळेला काढता येईल. सुरुवात एका विहिरीपासून करावी, मालकाची परवानगी घेऊन आणि मोठ्या माणसाला सोबत ठेवून. काठावर रंगाने एक खूण करायची, वजन बांधलेली दोरी त्या खुणेपासून सोडायची, ओली झाली तिथपर्यंतचे अंतर मोजायचे. भूजल यंत्रणेच्या चार महिन्यांत तर मोजायचेच, आणि उन्हाळ्यात कालव्याचे आवर्तन सुटण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पंधरा दिवस रोज. मोजणी नेहमी पहाटे, पंप सुरू होण्याआधी. पाऊस नाही, पंपाचे तास तेवढेच आणि तरी पातळी चढली, तर पाणी बहुधा कालव्याचे. नदीच्या बाजूला दुसरी विहीर घेऊन तिचीही नोंद त्याच दिवसांत ठेवावी, म्हणजे चढ एकीकडेच आहे की दोन्हीकडे, ते कळेल.