खिशातला गीतसंग्रह

समीक्षा ग्रंथाची करावी, नाटकाची करावी, फार झाले तर चित्रपटाची करावी, असा आपल्याकडे संकेत आहे. नित्य वापरातील वस्तूकडे समीक्षक सहसा वळत नाही. परंतु एखादी वस्तू जर आपल्या घरातील माणसे काय ऐकतात, कसे ऐकतात आणि कुणाच्या संगतीत ऐकतात हे ठरवू लागली, तर तिची पारख करणे हे अभिरुचीची काळजी वाहणाऱ्याचे कर्तव्यच ठरते. गाणी वाजविणारा, बटणांचा, अल्पमोली मोबाईल फोन ही अशी वस्तू आहे. गेली काही वर्षे असा एक फोन माझ्या नित्य सहवासात आहे. त्या सहवासातून सुचलेले विचार येथे मांडीत आहे. या फोनकडे मी एक गीतसंग्रह म्हणून पाहणार आहे आणि कोणत्याही संग्रहाला जे प्रश्न विचारावयाचे, तेच त्यालाही विचारणार आहे. निवड कोणी केली? पाठ शुद्ध आहे काय? कवीचे नाव कोठे आहे? आणि हा संग्रह एकट्याने अनुभवावयाचा की चारचौघांत?

प्रथम त्याची कुळकथा पाहू. फिलिप्स कंपनीने १९६३ साली छोटी कॅसेट आणली आणि गाणे तळहातात मावू लागले. १९८० च्या दशकात उत्तर भारतात या कॅसेटने काय घडविले, याचे साक्षेपी विवेचन पीटर मॅन्युएल यांच्या १९९३ सालच्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात आहे. ध्वनिमुद्रणावरील एका मोठ्या कंपनीची सद्दी संपली आणि लहान लहान उत्पादक भजने, लोकगीते व बोलीतील गाणी काढू लागले. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीचा वॉकमन आला होता. त्या पहिल्या वॉकमनला इअरफोन जोडण्यासाठी दोन छिद्रे होती. शिवाय एक नारिंगी बटण दाबले की गाणे मंद होई आणि दोघा श्रोत्यांना एकमेकांशी बोलता येई. पुढे ही बोलण्याची सोय मागे पडली. २००५ साली सोनी एरिक्सनने ‘वॉकमन’ हे नावच मोबाईलला दिले. २००७ साली नोकियाचा ५३१० हा सडपातळ फोन निघाला. त्याच्या कडेला केवळ गाण्यांसाठी वेगळी बटणे होती. विशेष म्हणजे तोच क्रमांक धारण करणारा नवा फोन २०२० साली भारतात ३,३९९ रुपयांना विक्रीस आला. तोवर स्पर्शाने चालणारे मोठ्या पडद्याचे फोन घरोघर पोहोचले होते. तरीही बटणे दाबून गाणी ऐकणारा श्रोता शिल्लक आहे, हे उत्पादकाने ओळखले होते.

आता पाठशुद्धीचा प्रश्न. फोनमध्ये गाणे बहुधा एमपी३ या रूपात साठविलेले असते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा ही पद्धत घडविण्यात मोठा वाटा आहे. तिचे मर्म मानवी कानाच्या एका मर्यादेत आहे. मोठ्या ध्वनीच्या जवळपासचा बारीक ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही. जे ऐकू येणारच नाही ते कशाला साठवावे, असा हा हिशेब आहे. सीडीवर एका सेकंदाच्या संगीतासाठी सुमारे १,४११ किलोबिट खर्ची पडतात. एमपी३ च्या एका प्रचलित प्रमाणात १२८ पुरतात. म्हणजे मूळ मजकुराचा सुमारे अकरावा हिस्सा उरतो. चार मिनिटांचे गाणे चार एमबीत मावते आणि एक जीबीच्या कार्डात अडीचशेच्या आसपास गाणी बसतात. ग्रंथव्यवहाराच्या भाषेत बोलावयाचे तर ही संक्षिप्त आवृत्ती होय. मात्र ती एवढ्या चातुर्याने सिद्ध केलेली आहे की सामान्य वाचकाला गाळलेली पृष्ठे जाणवत नाहीत.

खरी काटछाट होते ती पुढे, स्पीकरपाशी. नाण्याएवढ्या पडद्याला खर्जाचे स्वर पेलत नाहीत. हा निसर्गनियम आहे. माणसाचा आवाज मधल्या पट्टीतला, म्हणून तो स्वच्छ उमटतो. परिणामी या फोनवर शब्दप्रधान गाणे खुलते. भावगीत, अभंग, लावणी यांतील शब्द अन् शब्द कानी पडतो. तबल्याच्या डग्याचा घुमारा मात्र विरून जातो. आपल्या ईस्ट इंडियन लग्नघरांत आणि गोव्यात वाजणारे घुमट ऐका. मडक्याच्या उघड्या तोंडावर डाव्या हाताचा तळवा कमी-अधिक दाबून वादक जो खोल हुंकार काढतो, तोच त्या वाद्याचा प्राण. गोवा शासनाने २०१९ साली घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा दर्जा दिला. फोनच्या स्पीकरवर तेच घुमट डबा वाजविल्यासारखे ऐकू येते. ज्या मुलाने घुमट केवळ फोनवरच ऐकले, त्याला आपल्या आजोबांचे वाद्य क्षुद्र वाटले तर दोष मुलाचा नव्हे. त्याला एकदा तरी वादकाच्या शेजारी बसवावयास हवे.

निवडीच्या बाबतीत मात्र या फोनचे मोठेपण मान्य केले पाहिजे. त्याची जागा मर्यादित असते. कार्ड भरले की नवे गाणे घेण्यासाठी जुने पुसावे लागते, आणि पुसताना मनुष्य थबकतो. हे ठेवू की ते, हा विवेक म्हणजेच संपादन. स्मार्टफोन सर्वत्र होण्यापूर्वी नाक्यावरच्या रिचार्जच्या दुकानात थोड्या पैशांत कार्डात गाणी भरून मिळत. त्या व्यवहारात गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची कोणी पर्वा करीत नसे, हे दूषण स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. तथापि, दुकानातला पोरगा गिऱ्हाइकाला विचारीत असे, ‘काका, जुनी भरू की नवी?’ आणि काकांना उत्तर द्यावे लागे. आपल्याला काय आवडते हे शब्दांत सांगण्याचा प्रसंग कष्टकरी माणसाच्या वाट्याला क्वचितच येतो. पहाटेच्या लोकलने भाजी-फुलांची टोपली घेऊन मुंबईस जाणाऱ्या माणसाच्या कार्डात लग्नाची गाणी, दोन-चार भक्तिगीते, जुनी चित्रपटगीते आणि नातवाने हट्टाने भरलेले एखादे धांगडधिंग्याचे गाणे एकत्र नांदते. तो संग्रह त्या माणसाचा असतो. दुसऱ्या कुणाचाही तसाच नसतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि गाण्यांचा अखंड प्रवाह घरोघर वाहू लागला. पुढल्याच वर्षी १,५०० रुपयांच्या अनामत रकमेवर मिळणाऱ्या जिओफोनने हा प्रवाह बटणांच्या फोनपर्यंतही नेला. त्याचे लाभ उघड आहेत. दुर्मिळ गाणे आता क्षणात सापडते. परंतु एक गाणे संपताच पुढचे कोणते, हे तेथे बहुधा गणिती यंत्रणा सुचविते. आपण पूर्वी काय ऐकले यावरून आपल्याला काय आवडेल याचा ती अदमास घेते. हा अदमास अनेकदा अचूक असतो आणि चिंता तिथेच आहे. संपादकाचे काम दुसऱ्याने परस्पर उरकले की आपली आवड तपासण्याचे कारणच उरत नाही. कार्डातली अडीचशे गाणी ऐकणारा कदाचित संकुचित श्रोता असेल. पण ती का ठेवली हे तो सांगू शकतो.

या संग्रहाचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे ते नावांचे. पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून १९५५-५६ मध्ये गीतरामायण प्रसारित झाले. छप्पन्न गीते, आठवड्याला एक नवे. श्रोते सात दिवस वाट पाहत, आणि शब्द ग. दि. माडगूळकरांचे व संगीत सुधीर फडक्यांचे, हे घराघरातील लहान-थोर जाणत. आकाशवाणीच्या निवेदकाने गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी नावे घेण्याची जी प्रथा पाळली, ती श्रोत्यांची मोठीच शाळा होती. कार्डावरच्या गाण्याचे नाव मात्र पुष्कळदा ‘ट्रॅक ०५’ एवढेच असते. फार तर चित्रपटाचे किंवा नटाचे. कवी तर पूर्णतः अदृश्य. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळी त्यांच्या १९१९ मधील निधनानंतर शंभराहून अधिक वर्षे गात आहेत. ती कुणाची हे आजवर टिकले, कारण ती छापील गीतपुस्तकांतून नावानिशी हाती आली. तेच भजन एका फोनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नाव गळून पडते. शब्द उरतात, आणि ते कोणत्या माणसाच्या जीवनातून उमटले याचा माग पुसला जातो. ज्या समाजाचे साहित्य आधीच थोडके आहे, त्याला ही हानी परवडणारी नाही.

राहिला अखेरचा प्रश्न, एकट्याने की चारचौघांत? दोन टोके आपण रोज पाहतो. एकीकडे कानात इअरफोन खुपसून जेवणाच्या पाटावर बसलेला मुलगा, तर दुसरीकडे बसमध्ये अवघ्या प्रवाशांवर आपली आवड लादणारा गृहस्थ. मुंबईच्या बेस्ट उपक्रमाला २०२३ साली बसमध्ये इअरफोनविना मोबाईल वाजविण्यास मनाई करावी लागली, यावरून दुसऱ्या टोकाची व्याप्ती कळते. या दोहोंच्या मधली एक जागा आहे. फोन स्टीलच्या रिकाम्या पातेल्यात उभा ठेवावा, म्हणजे आवाज थोडा भरीव होतो, आणि स्वयंपाकघरात तिघे-चौघे आपापली कामे करीत तेच गाणे ऐकतात. कुणी सोबत गुणगुणते, कुणी ‘हे आमच्या लग्नात वाजले होते’ म्हणते आणि गाणे संपल्यावर गोष्ट सुरू होते. पहिल्या वॉकमनच्या नारिंगी बटणाने जे साधावयाचे होते, ते येथे पातेले साधते. आंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या उशाशीही हा फोन मी पाहतो. ठसठशीत बटणे अंधारातही बोटांना सापडतात, आणि थकल्या डोळ्यांना पडद्याशी झुंजावे लागत नाही. त्यांच्यापुरता तरी हा स्वस्त फोन महागड्या फोनहून सरस आहे, असे निःशंकपणे म्हणता येते.

एकंदरीत, संग्रह म्हणून या फोनची निवड प्रामाणिक आहे, पाठ कामचलाऊ आहे, खर्ज दुबळा आहे आणि कर्त्यांची नावे गहाळ आहेत. पैकी पहिले तीन गुणदोष यंत्राचे आहेत. चौथा मात्र आपणच दूर करू शकतो. घरात एक वही ठेवावी. फोनमधील आवडत्या गाण्यांपुढे कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे लिहावीत. जी ठाऊक नसतील ती आजी-आजोबांना, गायनवृंदातील जाणत्यांना विचारावीत. विशेषतः आपल्या बोलीतील लग्नगीते ज्या वृद्ध स्त्रियांना मुखोद्गत आहेत, त्यांच्याच आवाजात ती याच फोनवर मुद्रित करून घ्यावीत आणि गाणारीचे नाव व गाव वहीत नोंदवावे. कार्डावरील मजकूर एका चुकीच्या बटणासरशी पुसला जातो. वहीतले नाव पुढच्या पिढीच्या हाती लागते, आणि ते वाचून कोणीतरी ते गाणे पुन्हा शोधू लागते.