इमान आणि मेहेरबानी

कुत्र्याच्या नजरेतून गोष्ट सांगणारे चित्रपट आपल्याकडे मोजकेच. विजय रेड्डी यांनी दिग्दर्शित केलेला 'तेरी मेहरबानियाँ' (१९८५) हा हिंदी चित्रपट त्यांपैकी एक. जुलमी ठाकूर (अमरीश पुरी) रामचा (जॅकी श्रॉफ) जीव घेतो. रामने जीव लावलेला मोती हा कुत्रा ते लक्षात ठेवतो आणि सूड उगवतो. कुत्र्याला आठवणी येतात म्हणून या चित्रपटाची टिंगल होते. खरा प्रश्न त्या टिंगलीत हरवतो.

कॅमेरा मोतीच्या डोळ्यांवर थांबतो आणि घडलेला अन्याय त्याला पुन्हा दिसतो. मुक्या जीवाला स्मृती देणे ही मोठीच गोष्ट. ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण तीच स्मृती गावाला का नाही? ठाकुराचा जुलूम गावानेही सोसला आहे. तरी न्याय मिळतो तो संघटित माणसांकडून नव्हे, एका इमानी जनावराकडून. आणि मोती आठवतो ते मालकाचे दुःख. त्याचे स्वतःचे असे काही दुःख दिग्दर्शकाला दिसतच नाही.

'इमान' हा शब्द आम्हांला परका नाही. महाराने वेस राखावी, सांगावे पोचवावेत, मेलेली ढोरे ओढावीत आणि त्यालाच इमान म्हणावे, ही गावगाड्याची रीत. माझ्या आजोबांनी येसकरी केली. त्यांच्या भाकरीला नाव हक्काचे होते, पण ती टाकली जाई मेहेरबानी म्हणून. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याच्या जागी रोख मोबदला मिळावा, ही त्यातली एक मागणी होती. मेहेरबानीला हिशेबात आणण्याचाच तो प्रयत्न होता.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याचे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) यासोबत पाहावा. तिथेही जनावर आहे, डुक्कर. ते कुणाशी इमान राखत नाही, कुणाचा सूडही घेत नाही. त्याला पकडणे हे जब्याच्या घरावर जातीने लादलेले काम आहे. म्हणून नकार जब्यालाच द्यावा लागतो, आणि त्याचा शेवटचा दगड सरळ प्रेक्षकावर येतो.

मोतीसाठी रडून प्रेक्षक मोकळा होतो; त्याच्याकडे कुणी काही मागितलेले नसते. जब्या मागतो. मुक्या इमानावर डोळे पुसणे सोपे आहे, बोलणाऱ्या माणसाचा हक्क मान्य करणे अवघड. आपल्या समीक्षेने चित्रपट तपासावेत ते या अवघड बाजूने.